साताऱ्यातल्या आमच्या हार्टच्या डॉक्टरांबद्दल

ह्यांना चढ चढताना छातीत आवळल्यासारखं व्हायचं. अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर ठरावीक टप्प्याला सुरू, दोन-तीन मिनिटं थांबलं की बंद. आधी एका ठिकाणी दाखवलं, तिथे मेटोप्रोलोल चालू केली आणि लगेच अँजिओप्लास्टीचं बोलणं काढलं. गोळीनं ह्यांना धाप लागायला लागली. म्हणून भाच्याच्या सांगण्यावरून या डॉक्टरांकडे आलो.

मला पटलं ते एकच, हे डॉक्टर विचारल्याशिवाय लिहीत नाहीत. "काका, लहानपणी दमा होता का?" हा जवळजवळ पहिला प्रश्न. होता, अजूनही थंडीत पंप लागतो. मेटोप्रोलोल तिथल्या तिथे बंद. ती नाडी मंद करून हृदयाचं काम हलकं करते, पण दम्याच्या माणसाच्या श्वासनळ्या आवळू शकते. मग विचारलं, डिस्प्रिन, म्हणजे अ‍ॅस्पिरिनच, घेतल्यावर कधी दमा उठलाय का? नाही म्हटल्यावरच अ‍ॅस्पिरिन ७५ लिहिली. आणि माझ्यासमोर, अगदी सहज, "पुरुषांच्या त्रासासाठी काही गोळी घेता का? संकोच करू नका, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेट गोळीबरोबर ती घेतली तर बीपी धोकादायक खाली जातं." असं उघड विचारणारे डॉक्टर मला तरी पहिल्यांदाच भेटले.

नाडी ८४, इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग नॉर्मल, म्हणून मेटोप्रोलोलऐवजी डिल्टियाझेम दिली. पंपिंग कमी असतं तर दिली नसती, म्हणाले. एवढ्यावर न थांबता कोलेस्टेरॉलची जुनी अ‍ॅटोर्वास्टॅटिन बदलून रोझुवास्टॅटिन केली, कारण डिल्टियाझेममुळे अ‍ॅटोर्वास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं. कागदावर दोन रकाने पाडले. एकात अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन: या अटॅक टाळायला, दुखलं नाही तरी रोज. दुसऱ्यात डिल्टियाझेम आणि सॉर्बिट्रेट: या दुखणं आटोक्यात ठेवायला. दुखायचं थांबलं म्हणून पहिल्या रकान्यातली गोळी सोडणारे पेशंट फार, असं ते कळवळून सांगत होते.

स्टेंटचं, म्हणजे अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवतात त्या जाळीचं, मीच विचारलं. सीटी अँजिओ करून घेतली, डाव्या मुख्य रक्तवाहिनीत अडथळा नाही. मग २०२० साली प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया अभ्यासाबद्दल सांगितलं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळे असलेले, पण तब्येत स्थिर असलेले पाच हजारांवर पेशंट होते, आधी स्टेंट किंवा बायपास केल्यानं मृत्यू कमी झाले नाहीत. दुखणं मात्र त्यानं जास्त कमी होतं, म्हणून औषधांनी भागलं नाही तर तो मार्ग आहेच. घाबरवणं नाही, की उगाच धीर देणंही नाही.

सॉर्बिट्रेट कशी घ्यायची ते करून दाखवलं: खाली बसून, जिभेखाली, उभ्यानं नाही. पाच मिनिटांत आराम नाही पडला तर १०८ ला फोन. डोकं दुखेल, पाय सुजले किंवा बद्धकोष्ठ झालं तर फोन करा, हेही आधीच सांगितलं होतं. बद्धकोष्ठ झालंच, पण आम्ही घाबरलो नाही.

तक्रार वेळेची. अकराची अपॉइंटमेंट, नंबर लागतो दीडनंतर. बसायला खुर्च्या कमी, वयस्क माणसं जिन्यात बसतात, हे बदलायलाच हवं. आणि शेजारच्या मेडिकलमध्ये डिल्टियाझेमचा ब्रँड बदलून देऊ लागले, तर आधी डॉक्टरांना विचारा. ही हळूहळू विरघळणारी गोळी असते, प्रत्येक कंपनीची सारखी नसते. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, ते एकेक उलटून बघतात.