सीईटी सेलचं कॅप पोर्टल: साठातल्या किती जागा तुमच्या?

राज्याच्या सीईटी सेलच्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) पोर्टलला पाचपैकी साडेतीन. वाटपाचं काम चोख आहे, पण जागांचा हिशेब ज्याचा त्यानेच मांडायचा.

माहितीपत्रकात शाखेपुढे लिहिलेल्या '६०' जागांवर हुरळू नका. स्वायत्त नसलेलं शासकीय कॉलेज घ्या. अनुसूचित जाती १३ टक्के, जमाती ७, विमुक्त-भटक्या मिळून ११, ओबीसी १९, एसईबीसी (मराठा आरक्षण) १०. साठातल्या ३६ जागा इथेच गेल्या. खुल्या २४ मधल्या ३० टक्के मुलींच्या, म्हणजे ७. राहिल्या १७. त्या होम युनिव्हर्सिटी (कॉलेज ज्या विद्यापीठाच्या हद्दीत, तिथलेच विद्यार्थी) आणि बाहेरचे अशा ७०:३० वाटल्या की बाहेरून येणाऱ्या खुल्या गटातल्या मुलासाठी जेमतेम पाच. दिव्यांग आणि संरक्षण दलाचा कोटा त्यातूनच.

हे सगळं कटऑफच्या कोडमध्ये दडलेलं असतं. जी-ओपन-एच, एल-ओपन-ओ अशा कोडचं पहिलं अक्षर सर्वसाधारण की मुली ते सांगतं, शेवटचं एच म्हणजे होम, ओ म्हणजे बाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. सीओईपी, व्हीजेटीआयसारख्या स्वायत्त संस्थांत एस दिसतो, तिथे ७०:३० नाही. हा कोटा मुळात राजकीय आहे. वैद्यकीय प्रवेशातला प्रादेशिक ७०:३० मराठवाड्यातून ओरड झाल्यावर सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने काढला. अभियांत्रिकीतला शाबूत आहे.

सगळ्यात जास्त मुलं फसतात ती जुन्या कटऑफवर. एसईबीसीला सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली, मे २०२१ मध्ये कायदाच रद्द झाला, फेब्रुवारी २०२४ मध्ये नवा कायदा १० टक्क्यांसह आला. त्यामुळे २०२१ ते २०२३ चे खुल्या गटाचे कटऑफ साठातल्या ३० जागांचे आहेत, आजचे २४ चे. ते आकडे जसेच्या तसे लावलेत तर अंदाज चुकणारच. शिवाय तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद एआयसीटीईने २०२४-२५ पासून प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा उठवली, त्यामुळे कॉम्प्युटरच्या जागा काही कॉलेजांत अचानक वाढल्या. तिथे जुना कटऑफ उलट दिशेने चुकवतो. दरवर्षी त्या वर्षीचं सीट मॅट्रिक्स, म्हणजे जागांचा तक्ता, उतरवून घ्या, शाखेनुसार.

ऑप्शन फॉर्ममध्ये ३०० पर्यंत पर्याय भरता येतात, ही सोय उत्तम. पण २०२५ च्या चार फेऱ्यांत पहिल्या फेरीत पहिला, दुसरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी पर्याय मिळाला की जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की, आणि पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाद. 'बघू तरी' म्हणून एक नंबरला काहीबाही टाकणं त्यामुळे महागात पडतं. क्रम आवडीनेच लावा, मिळेल की नाही हा हिशेब खालच्या नंबरांवर सोडा. आणि जात वैधता प्रमाणपत्रासाठी अर्ज केल्याची नुसती पावती हातात असेल तर मूळ प्रमाणपत्र सादर करायची मुदत आधी पाहा. ती चुकली की राखीव जागेवरचा दावा जातो.