ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा: सातबाऱ्यासकट, एजंटशिवाय

धाकटी लेक लीड्सला एमएस्सी झाली. तिच्या हिवाळी पदवीदान समारंभाला आम्ही दोघं जाऊन आलो, ते 'स्टँडर्ड व्हिजिटर' व्हिसावर. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, हे शेतकरी. आमच्याकडे कराड भागात पुष्कळ मुलं तिकडे शिकायला जातात, पण आईवडील अर्जच करत नाहीत. "शेतकऱ्याला कोण व्हिसा देतंय?" असं आधीच ठरवून मोकळे होतात. देतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी हे समजून घ्या की विद्यापीठात शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या आईवडिलांसाठी वेगळा असा व्हिसा नाही. आई, मावशी, मित्र, कुणीही जायचं तर हाच व्हिसा. माणशी अर्ज वेगळा, फी वेगळी. जानेवारी 2024 पासून नेहमीच्या मास्टर्सच्या मुलांना नवराबायकोलासुद्धा 'डिपेंडंट' म्हणून सोबत नेता येत नाही; पीएचडीसारख्या संशोधनाच्या अभ्यासक्रमांना आणि सरकारी शिष्यवृत्तीवाल्यांना तेवढी सूट आहे. त्यामुळे लेकीच्या वर्गातल्या एका मुलाची बायकोसुद्धा याच व्हिसावर त्याला भेटून आली. एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने राहता येतं, काम करता येत नाही.

अर्ज ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर भरायचा. उत्तरं इंग्रजीत द्यायची, पण प्रश्न सरळ आहेत. अर्धवट सोडून पुन्हा उघडता येतो, ही मोठी सोय. महिन्याचं उत्पन्न किती, खर्च किती, प्रवासाचा खर्च कोण करणार, गेल्या दहा वर्षांत कुठे कुठे गेलात, हे सगळं विचारतात. आईवडिलांच्या जन्मतारखाही विचारतात. माझ्या आईच्या जन्माची कुठे नोंदच नव्हती. माहिती असेल तेवढी द्या, असं तिथेच लिहिलेलं असतं. मी तसं केलं, कुणी अडवलं नाही.

खरी कसोटी कागदांची. निर्णय घेणारा अधिकारी आपल्याला बघत नाही. आमची मुलाखत झाली नाही. मुदत संपली की ही माणसं परत जातील का, एवढं त्याला कागदांवरून पटायला हवं. माझं सोपं होतं: पेन्शनचा आदेश, बँकेत दरमहा येणारी पेन्शन, मुदत ठेवीच्या पावत्या. ह्यांचं अवघड. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून रिटर्न कधी भरलेलंच नाही. मग आम्ही कारखान्याची ऊसबिलं घेतली आणि ती ज्या खात्यात जमा झाली त्या जिल्हा बँकेच्या खात्याचा उतारा घेतला. बिलातली रक्कम आणि खात्यातली रक्कम, दोन्हींवर एकाच रंगाची खूण केली. पैसा कुठून आला ते कुणालाही दिसावं, इतकंच पाहायचं. सोबत सातबारा आणि आठ-अ जोडला.

सातबारा डिजिटल सहीचा 15 रुपयांत ऑनलाइन मिळतो. पण तो मराठीत असतो, आणि जो कागद इंग्रजीत किंवा वेल्श भाषेत नाही त्याला प्रमाणित भाषांतर लागतं. भाषांतरकाराने अचूकतेची हमी लिहून तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्क द्यावा लागतो. पुण्यातल्या एका बाईंनी हे काम केलं. पोटखराबा, भोगवटादार वर्ग, बोजा, काहीही न गाळता सगळं नेटकं मांडलं. या सगळ्या खटाटोपात मनापासून द्यावासा वाटलेला पैसा हाच.

आणि एक पत्र. एका पानात लिहिलं: आडसाली ऊस जानेवारीअखेर तुटणार, कारखान्यातली नोंद जोडली आहे, घरी सासूबाई आहेत, त्याआधी परत येणं भाग आहे. लेकीनेही पत्र दिलं: राहणं तिच्याकडे, विमानाचा खर्च आमचा, समारंभाची तारीख अमुक. त्याला तिच्या ई-व्हिसाचा पुरावा आणि विद्यापीठाचं पत्र जोडलं.

एका शहरातल्या एजंटकडे आम्ही आधी गेलो होतो. त्याने मागितलेली रक्कम दोघांच्या फीपेक्षा जास्त होती, पण राग त्याचा नाही. "यांना व्यावसायिक दाखवू, आणि अर्जाच्या आधी पाच-सहा लाख खात्यात फिरवून घ्या," असं तो सहज बोलून गेला. अशी खोटी माहिती पकडली गेली तर नुसता नकार येत नाही, दहा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. ज्या बापाने आयुष्यभर उसात घाम गाळला, त्याला त्याचा धंदा लपवायला सांगणारा माणूस मला आमच्या कागदांजवळही नको होता. आम्ही उठलो.

बोटांचे ठसे आणि फोटो पुण्याच्या व्हीएफएस केंद्रात, म्हणजे व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात, द्यायचे. ह्यांच्या बोटांच्या रेषा कामाने झिजलेल्या, यंत्र ठसे घेईना. तिथल्या मुलीने बोटं पुसून, हात धरून, पुन्हा पुन्हा शांतपणे घेतले. "काका, घाई नाही," म्हणाली. तिला माझे पाच तारे. लाउंज, एसएमएस, कुरिअर, कागद स्कॅन करून देणं या सगळ्या जादा पैशांच्या सेवा ऐच्छिक आहेत. कागद घरूनच अपलोड केले तर फुकट.

एप्रिल 2025 पासून सहा महिन्यांच्या व्हिसाची फी माणशी 127 पौंड होती. नकार आला तरी ती परत मिळत नाही, आणि या व्हिसाच्या नकारावर अपील नाही, फक्त नवा अर्ज. दोन वर्षांचा व्हिसा 475 पौंडांना होता. तो मागून त्यांनी कमी मुदतीचा दिला तर फरक परत मिळत नाही. वर्षभराच्या मास्टर्ससाठी सहा महिन्यांचाच घ्या. पाच कामाच्या दिवसांत निर्णय हवा असेल तर आणखी 500 पौंड, आणि ते वेळेत अर्ज करणाऱ्याला मुळीच लागत नाहीत. साधारण तीन आठवडे सांगतात, आमचे पासपोर्ट त्या मुदतीत आले.

प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपेक्षा लवकर अर्ज करता येत नाही, म्हणून समारंभाची तारीख कळेपर्यंत कागद तयार ठेवा. जिल्हा बँकेकडून इंग्रजीतला, शिक्क्याचा उतारा मिळायला वेळ लागतो, तो सगळ्यात आधी मागा. विमानाची तिकिटं मात्र व्हिसा हातात पडल्यावरच काढा.