नवऱ्यासाठी ब्लॅक थेरपिस्ट शोधली, त्याला आठ महिने झाले: आमचा अनुभव

माझा नवरा आफ्रिकन-अमेरिकन, मी मूळची सांगलीची. अटलांटाजवळ डिकेटरला राहतो, मुलगा १२ वर्षांचा. गेल्या वर्षी एका रात्री सासूबाईंकडून परतताना पोलिसांनी गाडी थांबवली. मागचा दिवा गेला होता. ताकीद देऊन दहा मिनिटांत सोडलं, कुणी आवाजही चढवला नाही. मुलगा मागच्या सीटवर जागा होता. त्या रात्रीपासून नवऱ्याची झोप उडाली. सकाळी जबडा दुखायचा, भांडं पडलं तरी भडकायचा, आणि मुलाला गाडीतून ने-आण करायचं काम काही न बोलता माझ्याकडे आलं.

आधी तो इन्शुरन्सच्या यादीतल्या एका थेरपिस्टकडे सहा वेळा गेला. बाई गोऱ्या, स्वभावाने चांगल्या. त्यांनी सीबीटीचा (मनातले विचार तपासून बदलायला शिकवणारी उपचारपद्धत) नेहमीचा तक्ता दिला: मनात आलेला विचार, त्याच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा. ‘पोलिसांनी थांबवलं तर मी जिवंत घरी पोचणार नाही’ हे त्याने लिहिलं, तर बाईंनी त्याला ‘टोकाचा विचार’ ठरवलं. मग गाडी शिकवताना वडिलांनी पोलिसांनी अडवल्यावर हात स्टीअरिंगवर कुठे ठेवायला सांगितले होते, खिशाकडे हात का न्यायचा नाही (शस्त्र काढतोय असं पोलिसांना वाटू शकतं), हे तो त्यांना तासभर समजावत बसला. घरी येऊन म्हणाला, “त्यांना सांगण्यातच वेळ गेला, माझं बोलायचं राहूनच गेलं.” पुन्हा गेला नाही.

ब्लॅक थेरपिस्ट शोधणं सोपं नव्हतं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांत कृष्णवर्णीय ५ टक्क्यांच्या आसपास आहेत, लोकसंख्येत १३-१४ टक्के. ब्लॅक थेरपिस्टच्या स्वतंत्र याद्या इंटरनेटवर आहेत. ‘थेरपी फॉर ब्लॅक गर्ल्स’ ही त्यातली सर्वांना ठाऊक असलेली, जॉय हार्डन ब्रॅडफर्ड यांनी २०१४ मध्ये सुरू केलेली. पुरुषांसाठीही अशी यादी आहे, तिथून आम्हाला या बाई मिळाल्या. शिक्षणाने क्लिनिकल सोशल वर्कर, म्हणजे थेरपी देणाऱ्या समाजकार्यकर्त्या. वेळ मिळायला सात आठवडे लागले. नवरा त्यांच्या नावाआधी ‘मिस’ लावतो. इथे दक्षिणेत वडीलधाऱ्या बाईला असंच बोलावतात, आपण ‘ताई’ लावतो तसं.

पहिल्या भेटीला मीही होते. संमतीपत्र चार पानी. अशी पत्रं आपण न वाचताच सही करून टाकतो. बाईंनी पेन्सिल घेतली आणि एकेक कलम वाचायला लागल्या. इन्शुरन्सकडे काय जाणार? भेटीची तारीख आणि आजाराचा कोड. तो इथे जे बोलेल त्याबद्दलच्या बाईंच्या खासगी टिपणांची फाइल वेगळी राहणार. गुप्तता कधी मोडावी लागेल? जिवाला धोका असेल, मुलावर अत्याचार होत असेल, कोर्टाचा आदेश आला तर. नवऱ्याने विचारलं, “नोकरीच्या ठिकाणी कळेल?” त्यावर वीस मिनिटं गेली, पण त्यांनी घाई केली नाही. मग म्हणाल्या, “तुमच्या घरात डॉक्टरवर विश्वास कोणाचा आहे, कोणाचा नाही?”

सासूबाईंचं माहेर अलाबामात, टस्कीगीच्या जवळ. १९३२ पासून १९७२ पर्यंत सरकारच्या आरोग्य खात्याने तिथल्या सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास केला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना ‘रक्त खराब आहे’ एवढंच सांगितलं, संमती कधी घेतलीच नाही, आणि पेनिसिलिन हा रुळलेला उपचार झाल्यावरही ते दिलं नाही. सासूबाई अजून कुठल्याही कागदावर सही करायची तर मुलाला फोन करतात. हे ऐकून बाईंनी फक्त मान हलवली, आणि ते चार कागद घरी न्यायला दिले. सही दुसऱ्या भेटीत झाली. माझ्या मते बाईंनी त्याला तिथेच जिंकलं.

तक्ता यांनीही दिला, पण रकाने वेगळे. एका बाजूला अनुभवाने आलेली सावधगिरी, दुसरीकडे तिथून पसरत गेलेली भीती. आरशात पोलिसांचा निळा दिवा दिसला की सावध होणं पहिल्या रकान्यात. त्याला त्यांनी हातही लावला नाही. शाळेचा फोन आला की छातीत धस्स होणं, बेल वाजली की मुलाला आत पाठवणं, दुपारी लायब्ररीलाही त्याला गाडीतून न नेणं, हे दुसऱ्या. काम फक्त दुसऱ्यावर करायचं ठरलं. आधी लायब्ररी, मग रविवारी चर्च, मग अंधार पडल्यावर किराणा. चौथ्या महिन्यात तो मुलाला घेऊन सासूबाईंकडे गेला आणि त्याच रस्त्याने रात्री परत आला. मी दारात उभी होते. गाडीतून उतरताना त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, पण तो हसत होता.

पीएचक्यू-९ ही नैराश्य किती आहे ते मोजणारी नऊ प्रश्नांची चाचणी त्या दर महिन्याला घेतात, २७ पैकी गुण. सुरुवातीला त्याचे १७ होते, आता ८. त्यात रागाचा प्रश्नच नाही. बाई तो वेगळा विचारतात, शिवाय जबडा, पाठ, ओव्हरटाइम किती केला तेही. उदास आहेस का विचारलं तर हा माणूस ‘नाही, दमलोय’ म्हणतो, हे त्यांनी पहिल्या महिन्यातच ओळखलं.

माझ्याबद्दलही लिहायला हवं. मी मुलाला नेहमी सांगायचे, “तू नीट वागलास तर कोणी काही करणार नाही.” माझ्या आईने मला हेच सांगितलं होतं. एका भेटीत बाईंनी मला विचारलं, “उद्या त्याला काही झालं, तर त्याने काय समजायचं? आपण नीट वागलो नाही असं?” मला उत्तर देता आलं नाही. १४ वर्षं या घरात राहून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं. आता आम्ही दोघं मिळून त्याला सांगतो की पोलिसांनी अडवलं तर काय करायचं, आणि काहीही घडलं तरी चूक त्याची नसेल. ही वाक्यं आम्ही त्यांच्यासमोर बसून तयार केली.

सासूबाईंना हे थेरपीचं पसंत नव्हतं. घरातलं बाहेर न्यायचं नाही, सांगायचं ते देवाला. झाकली मूठ सव्वा लाखाची असं मानणाऱ्या घरातच मीही वाढले, त्यामुळे त्यांचं मला परकं वाटलं नाही. बाईंनी चर्चला विरोध केला नाही. उलट त्याने सोडलेलं कॉयर (चर्चमधलं समूहगायन) पुन्हा सुरू करायला सुचवलं. गुरुवारच्या तालमीनंतर तो शांत झोपतो.

अडचणी आहेत. एका भेटीचे १५० डॉलर आधी भरावे लागतात, कारण त्या आमच्या इन्शुरन्सच्या यादीत नाहीत. बिल पाठवून काही पैसे परत मिळतात, पण आमचा एक दावा तीन महिने अडकला होता. कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी त्या काही जागा कमी फीमध्ये ठेवतात, पण त्या नेहमी भरलेल्या. संध्याकाळची वेळ मिळत नाही, नवरा दर मंगळवारी अर्धी रजा टाकतो. दोनदा त्यांनी आदल्या दिवशी भेट रद्द केली, तो आठवडा घरात जड गेला. आणि नुसता वर्ण जुळला म्हणून सगळं जुळतं असंही नाही. यांच्याआधी फोनवर बोललेल्या एक ब्लॅक थेरपिस्ट दहा मिनिटं स्वतःबद्दलच बोलत होत्या. पहिल्या मोफत फोनवर ‘वंशभेदाच्या अनुभवावर तुम्ही नेमकं कसं काम करता?’ हे विचाराच. या बाईंनी उत्तर देण्याआधी ‘तुमच्याकडे काय घडलं?’ असं विचारलं होतं.

आता दर आठवड्याऐवजी पंधरवड्याने जायचंय. पुढच्या महिन्यातली एक भेट मुलाची एकट्याची आहे. ती त्यानेच मागून घेतली.