इंटरॅक्ट क्लब: मुलांना घालावं का?

माझी मुलगी नववीत आहे आणि शाळेतल्या इंटरॅक्ट क्लबची सेक्रेटरी आहे, म्हणून लिहितेय, बरेच पालक विचारतात की हे नक्की काय असतं. तर हा रोटरी या समाजसेवी संस्थेचा १२ ते १८ वयाच्या मुलांसाठीचा क्लब, १९६२ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका हायस्कूलमध्ये सुरू झाला आणि आता आपल्याकडेही कितीतरी शाळांमध्ये आहे, जवळचा रोटरी क्लब त्याला स्पॉन्सर करतो.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे प्रेसिडेंट, सेक्रेटरी, खजिनदार सगळी मुलंच. मीटिंगचा अजेंडा तीच काढतात, मिनिट्स म्हणजे काय ठरलं त्याची नोंद लिहितात, पैशाचा हिशोब ठेवतात. वर्षाला निदान दोन प्रोजेक्ट करायचे असतात, एक शाळा किंवा गावासाठी आणि दुसरा इतर देशांची ओळख वाढवणारा. आमच्या मुलांनी जुनी पुस्तकं गोळा करून वाडीवरच्या शाळेला दिली, त्यासाठी टेम्पोवाल्याशी भाडं ठरवण्यापासून मुख्याध्यापकांना पत्र लिहिण्यापर्यंत सगळं स्वतः केलं. माझी पोरगी आधी चारचौघात तोंड उघडायची नाही हो!

पण सगळं टीचर को-ऑर्डिनेटरवर अवलंबून आहे हे लक्षात ठेवा. ओळखीच्या एका शाळेत क्लब म्हणजे नुसता बॅनर धरून फोटो, झाडं लावली आणि पाणी घालायला कुणी फिरकलंच नाही, मुलांचा सगळा उत्साह गेला. त्यामुळे नाव घालायच्या आधी गेल्या वर्षीचे प्रोजेक्ट कोणते झाले आणि ते कोणी ठरवले, हे तिथल्या मुलांनाच विचारा. आणि रायला (RYLA) या रोटरीच्या कॅम्पला पाठवायची संधी आली तर नक्की पाठवा, नेतृत्वाचं ट्रेनिंग असतं आणि वेगवेगळ्या शाळांची मुलं भेटतात.