शंभर पिल्लांचा छत्री ब्रूडर: घेण्याजोगा, पण होल्डर बदलून

ब्रूडर म्हणजे कोंबडीच्या पिल्लांना ऊब देणारा सांगाडा: पत्र्याची तीन फुटी छत्री, आत बल्बचे 4 होल्डर, वर साखळी, भोवती दीड फूट उंच जाळी. गावरान किंवा वनराजा (परसातली सुधारित जात) कोंबडीच्या 100 पिल्लांना पुरतो. पिल्लामागे 2 वॅटचा हिशोब धरून 60 वॅटचे जुन्या धाटणीचे पिवळे बल्ब लावा. एलईडीचा उजेड पडतो, ऊब मिळत नाही. होल्डर प्लास्टिकचे येतात आणि तापून वितळतात. चिनी मातीचे बसवूनच वापरा, खाली भाताचं तूस असतं!

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर 35 अंश, मग दर आठवड्याला 3 अंश कमी, साखळीने छत्री वर घ्यायची ती त्यासाठीच. पिल्लं बल्बखाली गठ्ठा करून बसली तर थंडी, कडेला पांगून चोच उघडी टाकली तर उकाडा.

जाळीचा पुढे उपयोग नाही. आठ-दहा आठवड्यांनी मोठ्या कोंबड्यांत मिसळताना खुराड्यात दोघांच्या मधे आठवडाभर छतापर्यंत जाळी हवी. दीड फूट त्या सहज उडून ओलांडतात. मिसळल्यावर सगळ्यांना ग्रोअर (वाढीच्या वयाचं) खाद्य द्या, शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात. लेअर (अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या) खाद्यातलं कॅल्शियम तलंगांच्या, म्हणजे अजून अंडी न देणाऱ्या तरुण कोंबड्यांच्या, मूत्रपिंडाला झेपत नाही.