कार्ब क्लीनरचा डबा: आठ महिन्यांनंतर

हा डबा कार्ब म्हणजे कार्ब्युरेटर (इंजिनला हवा-पेट्रोल मिसळून देणारा भाग) साफ करायच्या फवाऱ्याचा. गाडी २००४ ची हिरो होंडा स्प्लेंडर. दुखणं नेहमीचंच: सकाळी चोकवर सुरू होते, चोक काढला की मरते, पण अर्धा अ‍ॅक्सिलरेटर दिला की सुरळीत पळते. ही स्लो जेट (कमी अ‍ॅक्सिलरेटरवर पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं नळकांडं) तुंबल्याची लक्षणं. आयडलिंग (अ‍ॅक्सिलरेटर न देता इंजीन चालणं) झकास आणि फुल देताना गाडी गुदमरत असेल, तर मेन जेट (जास्त अ‍ॅक्सिलरेटरवर पेट्रोल देणारं) आणि टाकीतून येणारा पुरवठा बघायचा. बाऊलमधून (कार्बच्या तळाची पेट्रोलची वाटी) पेट्रोल टपकत असेल तर फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) सुईखाली कचरा अडकलाय.

आठ महिन्यांत ५०० मिलीचा एक डबा तीन सफायांना पुरला. पण एअर फिल्टरचा पाइप काढून कार्बच्या तोंडात फवारा मारायचा असेल, तर डबा घेऊच नका. स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक. सुकलेल्या पेट्रोलचा लाखेसारखा पिवळट थर त्यात आतून बसतो आणि वरचा फवारा तिथवर पोचतच नाही. कार्ब उतरवून, बाऊल उघडूनच काम होतं. बाऊलचे स्क्रू जपानी खाचेचे असतात. साधा चौफुली स्क्रू-ड्रायव्हर घसरून स्क्रूचं डोकं खातो, त्यामुळे नीट बसणारं टोक आधी मिळवा.

मिक्श्चर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) काढण्याआधी तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवून आटे मोजा आणि लिहून ठेवा. फ्लोट, रबरी रिंगा आणि फ्लोटची सुई बाजूला काढूनच क्लीनर मारा, नाहीतर रबर फुगतं आणि रिंग परत खाचेत बसत नाही. जेट दहा मिनिटं भिजवून उजेडाकडे धरायचं: भोक गोल आणि चकचकीत दिसलं पाहिजे. तार घालायचीच झाली तर वायरीतला तांब्याचा एक केस घ्या. जेट पितळेचं असतं, स्टीलची तार त्याचं भोक मोठं करते आणि मग गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते.

खरी परीक्षा पुढे. मिक्श्चर स्क्रूच्या भोकात डब्याची नळी टेकवून फवारा मारला की कार्बच्या नळकांड्यातल्या बारीक छिद्रातून जोरदार पिचकारी आली पाहिजे. नुसता थेंब ओघळला तर वाट अजून बंद आहे. ही पिचकारी नेमकी डोळ्याकडे येते, चष्मा घाला. पंक्चरवाल्याकडची हवा मारायची तर फ्लोट काढलेला असतानाच.

पहिली सफाई जेमतेम तीन आठवडे टिकली. दोष क्लीनरचा नव्हता. टाकीतला गंज पेट्रोल कॉकच्या (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) फाटक्या जाळीतून खाली येत होता. जाळी बदलून पाइपमध्ये छोटा फिल्टर टाकल्यावर दुसरी सफाई पाच महिने चालली. तिसऱ्या वेळी बाऊलच्या तळाशी पाण्याचे थेंब निघाले: हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला पाणी ओढून घ्यायची खोड आहे. गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून बाऊलचा ड्रेन स्क्रू सैल करा, पेट्रोल उतरू द्या.

कार्ब जोडल्यावर इंजीन गरम करून मिक्श्चर स्क्रू पाव-पाव आटा फिरवत सर्वात चढा आवाज शोधायचा, मग आयडल स्क्रूने तो उतरवायचा. स्क्रू फिरवूनही फरकच पडत नसेल तर कार्ब परत उतरवा, स्लो जेटची वाट अजून मोकळी झालेली नाही.

डब्याबद्दल एक तक्रार: बारीक लाल नळी दाब दिला की उडून जाते. दोन बोटांनी धरूनच मारावी लागते आणि हात पांढरे पडतात.