मुलाचा ताबा: घटस्फोटाच्या अर्जातूनच मागावा की वेगळा?

बायको घर सोडून गेली, वर्षं उलटली, मूल आपल्याकडेच आहे आणि आता हातात कोर्टाचा कागद हवा आहे, अशा बापाला वकील साधारण दोन रस्ते सांगतात. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ खाली परित्यागाच्या कारणावर घटस्फोट मागायचा आणि त्याच प्रकरणात कलम २६ खाली ताबा. नाहीतर पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली फक्त मुलापुरता अर्ज करायचा. मी पहिल्यावरून निघालो आणि दुसऱ्यावर आलो. त्यामुळे माझं पारडं जरा झुकलेलं असणार, हे धरूनच वाचा.

पहिल्या रस्त्याचा मोह मला होता. दोन वर्षांचा सलग परित्याग सिद्ध झाला की लग्न आणि ताबा, दोन्हींचा निकाल एकाच फाइलीत. पुन्हा संसार मांडायचा असेल तर हा रस्ता कधीतरी घ्यावाच लागतो.

मला नडलं ते वेगळंच. नवऱ्याने अर्ज करायचा तर लग्न जिथे लागलं, बायको जिथे राहते किंवा दोघं शेवटचे एकत्र जिथे राहिले, तिथल्याच कोर्टात. तो स्वतः आज कुठे राहतो याला किंमत नाही. (ती परदेशात असेल किंवा सात वर्षं तिची काहीच खबर नसेल, तर गोष्ट वेगळी.) मी तर मुलाला घेऊन बहिणीच्या गावी येऊन राहिलेला. म्हणजे प्रत्येक तारखेला रजा, आदल्या रात्रीची गाडी, मुलगा आत्याकडे. आणि तिथे पोचून काय, तर परत आलेलं समन्स आणि त्यावर बेलिफाचा शेरा: ‘सदर इसम या पत्त्यावर राहत नाही.’ पुढची तारीख. एकदा तर साहेब रजेवर आहेत हे कोर्टाच्या दारात कळलं. पाचव्या खेपेहून आलो तेव्हा मुलाने विचारलं, “बाबा, तू आईला शोधायला जातोस का?” मी तारखेला जात होतो. ते त्याला कसं सांगायचं?

दुसरा अर्ज चालतो तो मूल नेहमी जिथे राहतं तिथे. कलम ९. शाळेचा दाखला जोडला, एवढ्यावर प्रश्न मिटला. आता तारखेच्या दिवशी मीच त्याला शाळेत सोडून कोर्टात जायचो.

समन्सची कटकट मात्र सुटत नाही. शेवटच्या पत्त्यावर नोटीस चिकटवणं, पेपरात जाहीर समन्स, मग प्रकरण एकतर्फी, हे दोन्हीकडे सारखंच.

या रस्त्यालाही एक खाच आहे. आई किंवा वडील हयात आहेत आणि अपात्र नाहीत, तर कोर्टाने दुसरा पालक नेमायचा नाही, असं कलम १९ म्हणतं. शिवाय १९५६ च्या हिंदू पालकत्वाच्या कायद्याने बाप नैसर्गिक पालक आहेच. मग आलात कशाला, असा प्रश्न येतो. माझ्या वकिलाने म्हणून ‘पालक नेमा’ असं न लिहिता ताबा माझ्याकडेच कायम ठेवण्याची विनंती लिहिली. तुमचा वकील वेगळं लिहील, पण हे त्याला विचाराच. मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर कायद्याचा कल आईकडे असतो, हेही त्याच्याशी आधी बोलून घ्या.

न्यायाधीशांनी मुलाला चेंबरमध्ये एकट्याला बोलावलं. बाहेर आल्यावर म्हणाला, “त्यांनी विचारलं डबा कोण भरतं.” उत्तर काय दिलंस, ते मी विचारलं नाही.

असा आदेश कायमचा नसतो. उद्या ती आली आणि मुलाला भेटू द्या म्हणाली, तर कोर्ट तिचंही ऐकेल. मला त्यात गैर काही वाटत नाही.

घटस्फोटाचा अर्ज मी मागे घेतला. लग्न कागदावर अजून आहे. मला त्याची घाई नाही. तुम्हाला असेल, आणि ते कोर्ट तुमच्या गावातच असेल, तर पहिला रस्ता खुशाल घ्या.